मताचा अधिकार आणि यादीतले नाव

भारतीय संविधानाने आपणास जे हक्क दिले त्यांपैकी मताचा हक्क हा सर्वांत सोपा आहे, असे आपण समजतो. अठरा वर्षे पूर्ण झाली, ओळखपत्र हातात आले, मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेलो, बटण दाबले, काम झाले. परंतु हा समज अपुरा आहे, आणि त्या अपुऱ्या समजामुळे आपली कितीतरी मते प्रत्येक निवडणुकीत वाया जातात. याचा अनुभव मला माझ्या नोकरीमुळे आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी बँकेत कारकून आहे. निवडणुका लागल्या की शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांच्याबरोबर आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाही कामाचे आदेश येतात. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत मी मतदान अधिकारी क्रमांक एक होतो. या अधिकाऱ्यापुढे मतदार यादी असते. आलेल्या मतदाराचे नाव यादीत शोधायचे, ओळख पटवायची आणि नाव मोठ्याने वाचायचे, हे त्याचे काम.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले ओळखपत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मी यादी पाहिली. नाव नव्हते. पुन्हा पाहिली, पुरवणी यादीही पाहिली. नाव नव्हतेच.

"दादा, परत एकदा बघा. कार्ड सरकारनंच दिलंय ना?"

"मावशी, कार्ड बरोबर आहे. पण यादीत नाव नाही."

"मी दर वेळेला मत देते. बाबासाहेबांनी दिलेलं हाय ते. मी कधी चुकवलं नाय."

बोलण्यातून कळले की त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि त्या दुसरीकडे भाड्याने राहत होत्या. नव्या पत्त्यावर नाव नोंदवायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. केंद्राध्यक्षांनीही हात टेकले, कारण त्या दिवशी, त्या ठिकाणी कोणालाही नाव घालता येत नाही. बाई काही न बोलता परत गेल्या. त्या दिवशी मी शेकडो नावे वाचली, पण लक्षात राहिल्या त्या एकट्या बाई.

तेव्हा समाजबांधवांनो, पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. मत ओळखपत्रावर मिळत नाही, मत यादीतल्या नावावर मिळते. ओळखपत्र फक्त एवढेच सांगते की यादीतली ती व्यक्ती मीच. पासबुक हातात आहे पण खातेच बंद झाले आहे, अशा ग्राहकाला आम्ही पैसे देऊ शकत नाही, तसेच हे आहे.

हा हक्क आला कोठून?

इंग्रजी अमदानीत मत हे सर्वांसाठी नव्हते. जमीनमहसूल किंवा कर भरणारा, मालमत्ता असणारा, शिकलेला, अशांनाच प्रामुख्याने मत असे. ज्याला जमीन नाही आणि शाळेचा उंबरठाही ओलांडू दिला नाही, त्याला मत कोठून मिळणार? १९१९ साली मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. अडाणी माणसाला मत कशाला, असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते.

अखेरीस संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने तो वाद मिटविला. प्रौढ नागरिक असणे हीच मतदार होण्याची मुख्य अट ठरली. शिक्षण, मालमत्ता, जात, धर्म, स्त्री-पुरुष यांपैकी कशाचाही अडसर राहिला नाही. वयाची अट मुळात २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर्षे झाली आणि २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर करावी लागेल. निदान मतपेटीपाशी तरी आपण सर्वांच्या बरोबरीला आलो, ही गोष्ट लहान नव्हे.

पण हक्क मिळाला तरी यादीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे सतरा कोटी मतदार होते. त्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. कारण काय? त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच त्यांची नोंद झाली होती. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरण्यास नकार दिला. हक्क होता, माणूस होता, फक्त नाव नव्हते!

मतदार कोणाला होता येते?

जो भारताचा नागरिक आहे, ज्याचे वय अर्हता दिनांकास १८ वर्षे पूर्ण आहे आणि जो त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहतो, त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. पूर्वी अर्हता दिनांक वर्षातून एकच, १ जानेवारी, होता. त्यामुळे २ जानेवारीला अठरा वर्षांचा झालेला मुलगा वर्षभर थांबत असे. २०२१ च्या कायदेदुरुस्तीनंतर आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

'राहतो' याचा अर्थ घराचा मालक असतो असा नव्हे. भाडेकरूला मत आहे, झोपडीत राहणाऱ्याला आहे आणि पदपथावर झोपणाऱ्यालाही आहे. बेघर माणसाच्या बाबतीत मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तेथे झोपतो का हे पाहतात. तसे आढळले तर पत्त्याचा कागद मागितला जात नाही. उलट, गावी घर आणि शेत नावावर आहे एवढ्यानेच गावचे मत मिळत नाही. वसतिगृहातील विद्यार्थ्याने वसतिगृहाचा पत्ता द्यावा किंवा आईवडिलांच्या घरचा. मात्र नाव एकाच ठिकाणी असावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे बेकायदेशीर आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नाव कोणाचे नोंदले जात नाही? जो भारताचा नागरिक नाही, ज्याला सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविले आहे, किंवा निवडणुकीतील भ्रष्टाचार व गुन्ह्यांमुळे जो अपात्र ठरला आहे, त्याचे. तुरुंगात असलेल्याचे नाव यादीत राहते, पण त्याला तेथून मत देता येत नाही. याला अपवाद प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तींचा. जामिनावर सुटलेल्या माणसाला मात्र मत देता येते. नुसता खटला चालू आहे म्हणून मत जात नाही.

आखाती देशांत किंवा अन्यत्र नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले नसेल, तर पासपोर्टवरील भारतातील पत्त्यावर नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते.

अर्ज कोणता भरावा?

तीन नमुने पाठ करावेत. नवीन नावासाठी नमुना ६. दुसऱ्याच्या नावावर हरकत घेण्यासाठी किंवा नाव वगळण्यासाठी, उदाहरणार्थ घरातील व्यक्ती वारल्यास, नमुना ७. पत्ता बदलणे, नाव-वय-फोटोतील चूक दुरुस्त करणे आणि नवे ओळखपत्र मागणे यांसाठी नमुना ८. अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो, बीएलओकडे किंवा मतदार नोंदणी कार्यालयातही देता येतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड असे काही, आणि पत्त्यासाठी वीज-पाणी-गॅसचे बिल, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार असे काही जोडावे. या कामाला फी नाही.

घर बदलले की नमुना ८ भरलाच पाहिजे. लग्न होऊन आलेल्या सुनेचाही भरला पाहिजे. येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. जगाला शहाणपण सांगणाऱ्या माझ्या घरी, लग्नानंतर सहा वर्षे पत्नीचे नाव माहेरच्या यादीत पडून होते. दोन निवडणुकांत तिचे मत बुडाले. शेवटी अर्ज भरायला बसलो तेव्हा वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे मला सहा वर्षांत सापडली नव्हती.

नाव एकदा घातले म्हणजे कायमचे राहिले, असेही नाही. याद्यांची तपासणी सतत चालू असते. बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्टला निघालेल्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतील सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणे आयोगाने सांगितली. ती नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. कोण बरोबर हा वाद येथे करावयाचा नाही. प्रारूप यादी निघते ती वाचण्यासाठी, आणि मुदतीत दावा करतो त्याचीच दाद लागते, एवढा धडा आपण घ्यावा. आपण स्थलांतर केले किंवा आपण येथे राहत नाही असे म्हणून नाव काढायचे असेल, तर म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी असे कायदा सांगतो. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उलटला की यादीत नवे नाव घालता येत नाही. अर्जाच्या चौकशीलाही काही दिवस लागतात. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. १९५० या क्रमांकावर फोन करून, संकेतस्थळावर किंवा बीएलओकडे आपले नाव वर्षातून एकदा तरी पाहावे.

मतदानाच्या दिवशी

केंद्रावर जाताना मतदार ओळखपत्र न्यावे. ते हरवले असेल आणि यादीत नाव असेल, तर घाबरू नये. आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉब कार्ड, दिव्यांगांचे ओळखपत्र, फोटो असलेले निवृत्तिवेतनाचे कागदपत्र, तसेच बँकेने किंवा पोस्टाने दिलेले फोटोचे पासबुक, असे पर्याय आयोग मान्य करतो. आमच्या शाखेत येणाऱ्या मावशींना मी म्हणूनच सांगतो, पासबुकावर फोटो लावून शिक्का मारून घ्या. घरी येणारी मतदार चिठ्ठी यादीतला क्रमांक शोधण्यापुरती उपयोगी आहे, ती ओळखीचा पुरावा नव्हे. मोबाइल मात्र घरी ठेवावा.

आत गेल्यावर पहिला अधिकारी नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत असल्यास घेता यावी. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळे करतो. मग पडद्याआड जाऊन आपल्या उमेदवारासमोरचे निळे बटण दाबावे. तांबडा दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेतून आपण दिलेल्या उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहावी. नंतर लांब 'बीप' आवाज होतो, तो ऐकूनच बाहेर यावे. कोणीच उमेदवार पसंत नसेल तर शेवटी 'नोटा'चे बटण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ते आले.

कोणाला मत दिले ते अधिकाऱ्यांना कळते का, असे वस्तीत नेहमी विचारतात. कळत नाही. नोंदवहीत आपण आलो एवढीच नोंद होते. बटण कोणते दाबले याची नोंद नावासोबत कोठेही होत नाही. तेव्हा 'आम्हाला सगळे कळते' अशी दमदाटी करणाऱ्याला भिऊ नये. मतासाठी पैसे देणे हा गुन्हा आहे, तसाच घेणे हाही गुन्हा आहे.

अडचण आली तर

एक : आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर परत फिरू नये. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून द्यावी आणि प्रदत्त मत मागावे. ते यंत्रावर नसते, कागदी मतपत्रिकेवर असते आणि वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. तो आपला हक्क आहे.

दोन : 'हा तो माणूस नव्हे' अशी हरकत प्रतिनिधीने घेतली, तर त्याला दोन रुपये अनामत भरावी लागते आणि केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करतात. ओळख पटली की मत देता येते.

तीन : मतदानाची वेळ संपली तेव्हा आपण रांगेत असू, तर आपले मत झालेच पाहिजे. केंद्राध्यक्ष रांगेतील सर्वांना चिठ्ठ्या देतात. रांग सोडू नये.

चार : अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्क्यांहून कमी नाही असे अपंगत्व असलेले मतदार यांना नमुना १२-ड भरून घरून मत देण्याची सोय लोकसभा-विधानसभेसाठी आहे. हा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.

पाच : मालक सुटी देत नाही, ही आपल्या कामगार बंधुभगिनींची जुनी तक्रार. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुटी आहे, आणि ती रोजंदारीवरील कामगारालाही लागू आहे. दुकाने, कारखाने, बांधकामे, सर्व त्यात येतात.

स्थानिक निवडणुका आणि पदवीधर

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथे विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागतात, म्हणून मूळ यादीत नाव हवे. जेथे एका प्रभागात अनेक जागा असतात तेथे प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचे असते, एकच बटण दाबून बाहेर यायचे नसते. पहिल्या निवडणुकीत १९५२ साली बाबासाहेब मुंबईतील ज्या मतदारसंघातून उभे होते, तो द्विसदस्य होता. मतदाराला दोन मते होती, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या वेळी हजारो मते बाद झाली आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. मत कसे द्यावे हे शिकणे किती आवश्यक आहे, याला आणखी दाखला कशाला हवा?

आपल्यातील पदवीधरांना तर आणखी एक मत आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या आहेत. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्याने नमुना १८ भरावा. ही यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते, मागच्या वेळचे नाव आपोआप पुढे येत नाही. बी. ए. होऊन मला बरीच वर्षे झाली तरी हे मला निवडणुकीच्या कामावर गेल्यावरच कळले! येथे यंत्र नसते. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम अंकांत लिहायचे असतात, तेही केंद्रावर दिलेल्या पेनानेच.

आपण काय करावे?

आपल्या संस्थेकडे जागा आहे, शिकलेली मुले आहेत आणि जयंतीच्या दिवसांत सारी वस्ती एकत्र येते. त्या दिवशी मंडपाच्या एका कोपऱ्यात एक टेबल मांडावे. महाविद्यालयीन मुलामुलींनी येणाऱ्या प्रत्येकाचे नाव यादीत शोधून द्यावे, नसेल त्याचा अर्ज तेथेच भरून घ्यावा. घर बदललेली कुटुंबे, नव्या सुना, अठरा पूर्ण झालेली मुले आणि पुनर्विकासामुळे पांगलेले शेजारी, या चार प्रकारच्या लोकांना मुद्दाम शोधावे. खर्च शून्य, श्रम दोन दिवसांचे.

त्या मावशी पुढे कोठे राहायला गेल्या, त्यांचे नाव कोणत्या यादीत लागले की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी आपली निष्ठा जपली होती, ओळखपत्रही जपले होते. फक्त यादी पाहा, हे सांगणारे कोणी त्यांना भेटले नव्हते. ते सांगण्याचे काम आता आपले आहे. ही स्मरणिका मिटून ठेवण्यापूर्वी घरातील किती जणांची नावे यादीत आहेत, एवढे आजच मोजून पाहावे.

जयभीम!